मदत हवी आहे: सिझरनंतर बारावा दिवस, कमी झालेलं पुन्हा लाल जातंय

अर्धीझोप

रात्रीचे अडीच वाजलेत. लेक आत्ताच झोपलीय आणि मी एका हाताने टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सिझर होऊन आज बारावा दिवस. पहिले चार दिवस अंगावरून लाल गेलं, मग तपकिरी व्हायला लागलं. नवव्या दिवशी तर इतकं कमी झालं की मला वाटलं, सुटले. परवापासून पुन्हा लाल. दिवसाला पाच-सहा पॅड लागतात, मधूनच एखादी गाठ पडते, सुपारीएवढी. दूध पाजायला बसले की ओटीपोटात कळ येते आणि जास्त जातं. सकाळी पलंगावरून उठून उभी राहिले की एकदम भसकन जातं, ते बघूनच पाय गळतात.

सासूबाई म्हणतात, पडून राहा, हलू नकोस. नणंदेकडे पाळीत जास्त जातं तेव्हा घ्यायच्या रक्त थांबायच्या गोळ्या आहेत, ती म्हणते दोन घेऊन बघ. मला दोन्ही पटत नाही आणि दोन्ही करावंसं वाटतं. डॉक्टरांकडे टाके दाखवायला परवा जायचंच आहे. तोवर हे कमी करायला काय करू? आणि एक बावळट प्रश्न: सिझरमध्ये पिशवी आतून पुसून घेतात ना? मग एवढं येतं कुठून?

सावळीसांज

प्रश्न अजिबात बावळट नाही, मलाही पडला होता. पुसून घेतात म्हणून नॉर्मलपेक्षा थोडं कमी जातं इतकंच. वार जिथे चिकटलेली असते तिथे साधारण तळहाताएवढी जखम राहते आणि ती भरेपर्यंत स्राव होणारच, बाळ कुठूनही बाहेर आलेलं असो. मला पाच आठवडे गेलं. शेवटचे दोन आठवडे नुसतं पिवळट-पांढरं.

उठल्यावर भसकन जातं त्याला घाबरू नकोस. आडवी असताना ते आत साठतं आणि उभी राहिलीस की एकदम खाली येतं.

टिकलीभर

नणंदेचं ऐकायला काय हरकत आहे? ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच असणार ते. बाळंतपणात रक्तस्राव झाला की डॉक्टरसुद्धा तेच देतात, मी वाचलंय.

निळीशाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण इथे पेशंट समोर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

टिकलीभर, वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. २०१७ मध्ये ‘वुमन’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, वीस हजारांवर बायका होत्या त्यात. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव झाला आणि बाळ जन्मल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून हे औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली. पण ते दवाखान्यातलं, जीव वाचवायचं औषध, आणि सोबत पिशवी आकसवणारी औषधं चालू असतात. बाराव्या दिवशी घरी, कारण माहीत नसताना घ्यायची गोळी ती नव्हे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तसंही शरीराचा कल रक्त गोठण्याकडे असतो, सिझर झालेलं असेल तर जास्तच. पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती तेव्हाच सर्वांत मोठी. याच कारणासाठी ‘हलू नकोस’ हाही सल्ला मला पसंत नाही. जड उचलू नका, जिने चढ-उतार कमी करा, पण घरातल्या घरात चाला.

आता अर्धीझोप, तुमच्यासाठी. रक्त कमी कसं करायचं हे तुम्ही विचारताय, मला आधी ते वाढलं का हे हवंय. पिशवी आकसली की रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात आणि स्राव आपोआप आटतो. दूध पाजताना येणारी कळ म्हणजे तेच काम चालू आहे, ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. ती कळ चांगली. लघवी तुंबवू नका, भरलेलं मूत्राशय पिशवीला नीट आकसू देत नाही, हे विशेषतः पहिल्या दिवसांत. बाहेरून याहून फार काही करायचं नसतं.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान वारेच्या जागेवरची खपली सुटते आणि पुन्हा थोडं लाल जातं, हे खरं. मात्र ती गडबड बहुधा तास-दोन तासांत ओसरते. तुमचं दोन दिवस चाललंय. म्हणून सांगा:

वास कसा आहे? ताप मोजलात का? कळ नसतानाही ओटीपोट दाबल्यावर दुखतं का? रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत का?

आणि एक कायमचं: तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासात पुन्हा तेच झालं, लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, छातीत धडधडायला लागलं, तर मंचावर लिहीत बसू नका. तसंच्या तसं, ॲम्ब्युलन्स बोलवून, हॉस्पिटल गाठायचं.

अर्धीझोप

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. इंजेक्शनं नाहीत. ताप मोजला, ९९. कणकण आहे पण पान्हा दाटलाय म्हणून असेल असं वाटलं. वास… आता विचारलंत म्हणून सांगते, कालपासून वेगळा येतोय. मला वाटलं पॅडचा.

निळीशाई

टाक्यांसाठी पॅरासिटामॉल चालू असेल ना? शेवटची गोळी कधी घेतली होती?

अर्धीझोप

दर सहा तासांनी चालू आहे. ताप मोजला तेव्हा गोळी घेऊन तास झाला असेल.

निळीशाई

मग तो ९९ खरा नाही. गोळीने ताप दाबला आहे. पुढची गोळी घ्यायच्या आधी मोजा. १००.४ किंवा वर असेल तर लगेच निघा. आणि कमी असला तरी या वासावर मी परवापर्यंत थांबणार नाही, सकाळीच दाखवा. पिशवीच्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला की पिशवी आकसायची थांबते आणि रक्त पुन्हा वाढतं. सिझरनंतर हे नॉर्मलपेक्षा जास्त वेळा होतं. दुसरं कारण म्हणजे वारेचा तुकडा आत राहणं. सिझरमध्ये ते कमी, पण होत नाही असं नाही. घरी बसून या दोन्हीतला फरक कळत नाही.

टाकेवाली

माझा तुकडाच राहिला होता, सिझर असूनही. विसाव्या दिवशी कळलं. मी आपली रोज ‘आज कालपेक्षा कमी आहे’ असं स्वतःला समजावत होते, कारण मोजतच नव्हते. वहीत लिही बाई, किती वाजता पॅड बदललं आणि किती भिजलं होतं. डॉक्टरांना ‘खूप जातंय’ सांगितलं तर त्यांना काही कळत नाही, वही दाखवली की दोन मिनिटांत कळतं. टॅम्पॉन, कप यांतलं काही वापरू नकोस हे वेगळं सांगायला नको.

उगाचच

मी पुरुष, चार महिन्यांनी बाप होणार. या धाग्यातलं निम्मं मला कुणी सांगितलं नव्हतं. थर्मामीटर आजच आणतो.

अर्धीझोप

सहा दिवसांनी लिहितेय, माफ करा, मध्ये जमलंच नाही.

त्या पहाटे गोळीआधी ताप मोजला, १०१.२. नवऱ्याला उठवलं, उजाडायच्या आत निघालो. तपासताना ओटीपोट दाबलं तेव्हा ओरडलेच. सोनोग्राफीत तुकडा वगैरे काही नाही, पिशवी मात्र असायला हवी त्यापेक्षा मोठी. संसर्गच होता. दोन दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिली. दूध पाजायचं बंद करावं लागेल म्हणून मी रडत होते, तर डॉक्टर म्हणाल्या, उलट पाजत राहा, ही औषधं चालतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, रक्त तिसऱ्या दिवसापासून आटायला लागलं. काल दिवसभरात दोन पॅड, तेही फिक्कट गुलाबी. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

नणंदेला गोळ्यांचं सांगितलं, ती बिचारी घाबरूनच गेली. सासूबाईंनी वही सांभाळायचं काम स्वतःकडे घेतलंय. पॅड बदललं की वेळ विचारतात आणि घड्याळ बघून लिहितात, पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे होऊ देत नाहीत.

फक्त, लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे कुणीतरी आधी सांगायचं ना. काल सकाळी मी दुसरा धागा काढणार होते.