त्रेसष्ट की साठ तीन?
"दुसरीत अजून शंभरपर्यंतचेच अंक?" असं वर एकांनी विचारलंय, म्हणून लिहिते. हो, आमच्या वर्गात या सत्रात तेच चाललंय. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. निम्मी पोरं हमखास ३६ लिहितात. एकोणपन्नास तर कहरच! नाव पन्नासाचं, सुरुवात चारने. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' छापलं तेव्हा केवढी टिंगल झाली (मीही केली होती, कबूल). कन्नड-तेलुगूत दशक आधीच म्हणतात की. आता मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला देते. सहा गठ्ठे, तीन सुट्या: आधी 'साठ तीन', मग त्रेसष्ट. पाढे दिवाळीनंतर.