माळरानावरील लांडग्यासाठी अभयारण्य मागावे का?

इंदापूरकर (प्रश्न):
आमच्या गावालगतच्या वनखात्याच्या माळावर चर खणून झाडे लावण्याचे काम सुरू झाले आहे. याच माळावरील ओढ्याच्या काठाला दर हिवाळ्यात लांडग्याची मादी विते, असे मेंढपाळ सांगतात. लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. मग झारखंडमधील महुआडांडप्रमाणे येथेही लांडग्यांसाठी अभयारण्याची मागणी करणे योग्य ठरेल का?

कुसळी:
महुआडांडचे अभयारण्य 1976 साली झाले; पण तो सालवनाचा प्रदेश आहे. आपल्याकडचा कळप शेते, गायराने आणि वनखात्याचे तुकडे मिळून शंभर चौरस किलोमीटरहून अधिक मुलखात फिरतो, तर पुणे जिल्ह्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. त्यामुळे अभयारण्यापेक्षा आधी ते चर थांबवावेत. सरकारी नकाशांत माळ पडीक म्हणून रंगवलेला असल्याने तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. प्रत्यक्षात तेथे लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या दाट सावलीत गवत मरते, चिंकारा निघून जातो आणि भक्ष्य तुटलेला लांडगा मेंढरांवर अधिकच अवलंबून राहतो.

वाघरवाला:
आमचे घराणे मेंढपाळांचे. वाघरीच्या, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीच्या, कडेचे कोकरू पहाटे गेले, तर जुनी माणसे तो लांडग्याचा वाटा समजून गप्प बसत. नव्या पिढीने तसेच वागावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. भरपाईची तरतूद आहे. परंतु घटना 48 तासांत कळवायची, मृत जनावर जागेवरून हलवायचे नाही आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमक्ष पंचनामा करून घ्यायचा, ही रीत एका जागी राहणाऱ्या शेतकऱ्याला सोयीची आहे. लांडगा कोकरू उचलून नेतो, तेव्हा पंचनाम्याला मागे उरते काय? शिवाय तोवर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्काम, पुढच्या गावच्या शेतात बसलेला असतो. अभयारण्य करून चराई बंद केली, तर लांडग्याला सांभाळून घेणारी माणसेच तेथून हटतील.

भिगवण रोड:
कुत्र्यांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे 2023 मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. डिस्टेंपर आणि रेबीज हे रोगही कुत्र्यांकडून लांडग्यांपर्यंत पोहोचतात. कोंबड्यांच्या शेडमधील मेलेले पक्षी उघड्यावर टाकले जातात, तेथे दोघेही एकाच ढिगावर येतात. ग्रामपंचायतीने मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट आणि गावातील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण एकत्रच हाती घ्यावे.

इंदापूरकर:
आभारी आहे. अभयारण्याचा आग्रह सोडून चर थांबवण्याचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह उपवनसंरक्षकांकडे देतो. त्यात बिळाचे नेमके ठिकाण लिहावे का?

कुसळी:
अर्जात गट क्रमांक पुरेसा आहे. बीळ वनरक्षकाला प्रत्यक्ष दाखवा आणि त्याचे छायाचित्र कोणत्याही समूहावर टाकू नका. हौशी छायाचित्रकारांच्या गाड्या बिळाशी येऊ लागल्या, की मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते.