तांब्यावरचं नाव: कोकणातल्या आपल्या माणसांचा माग काढताना

आंजर्ले

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या घराची निम्मी कौलं उडाली. टाळेबंदी होती, पुण्याहून निघता येईना. शेजारच्या काकांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवून पडवीत उघडून ठेवली, म्हणून आतले कागद बचावले. नाहीतर त्या कागदांनी तो पावसाळा काढला नसता.

ट्रंकेत मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते आणि आजोबांनी मुंबईहून घरी लिहिलेली पत्रं. तेव्हा मुंबईची बोट हर्णैला लागायची आणि माणसं मचव्यातून किनाऱ्यावर यायची. टपालाचा प्रवासही तसाच व्हायचा. पत्रांची सुरुवात ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी. पुढे भाताची चौकशी, आगराच्या शिंपण्याची चौकशी आणि कुणाबरोबर काय पाठवलं त्याची यादी.

तारखांप्रमाणे पत्रं लावली तेव्हा एक खिंडार दिसलं. शके १८४० च्या भाद्रपदापर्यंत महिन्याला दोन तरी पत्रं आहेत. त्यानंतर थेट माघापर्यंत एकही नाही. माघातल्या पत्रात आजोबा वडिलांना लिहितात की स्थळाचा विचार एवढ्यात नको.

स्थळ कुणासाठी? आजोबांचं तर लग्न झालेलं होतं, असं मी धरून चाललो होतो. वंशावळीत त्यांच्या नावापुढे एकच पत्नी आहे, माझी आजी.

उत्तर स्वयंपाकघरात होतं. आमच्याकडे एक पितळी तांब्या आहे, कानाशी थोडा चेपलेला. त्याच्या पोटावर कासाराने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आहे: ‘सौ.’, मग तीन अक्षरांचं एक नाव, आमचं आडनाव आणि शके १८३७. चिंच लावून घासताना ते नाव मी लहानपणापासून पाहत आलो. कुणा आत्याबाईंचं असेल असं वाटायचं. पण शके १८३७ म्हणजे १९१५. आमच्या घरात त्या साली सासरी आलेली एकच सून असू शकते. १९१८ च्या भाद्रपद-आश्विनात मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ शिगेला होती. आजोबांची पहिली बायको त्यात गेली असावी. तिच्या मृत्यूचं पत्र ट्रंकेत नाही, कारण तसं पत्र वाचून झालं की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. जुन्या पत्रांत जन्म सापडतात, मुंजी सापडतात, मृत्यू मात्र सापडत नाहीत. ते रिकाम्या महिन्यांत शोधावे लागतात.

तुमच्याही घरी असे कागद असतील, किंवा कागद नसून नुसत्या गोष्टी असतील. शोध कुठे अडला आणि कशाने सुटला, ते आपल्या गावाच्या नावाखाली इथेच सविस्तर लिहा. भिजलेले, चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, सावलीत वाळू द्या. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की कागद कायमचा हातचा गेला.

रेवदंडा

महिन्यांच्या खिंडाराबद्दल वाचलं आणि आमच्या घरातली गोष्ट लिहावीशी वाटली. आजवर बाहेर कुणाला सांगितली नव्हती.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. त्या दिवशी गटारी अमावस्या होती, सणाला घरी निघालेली माणसं बोटीत होती आणि ६०० च्या वर माणसं गेली. आमच्या भागात कुणी ना कुणी त्या बोटीत नव्हतं असं घर शोधावं लागेल. माझे चुलत आजोबा रामदासमध्ये गेले, हे मी जन्मापासून ऐकत आलो. प्रेत मिळालं नाही. चुलत आजी शेवटपर्यंत कुंकू लावायची. आम्ही समजायचो, प्रेत मिळालं नाही म्हणून तिचं मन मानत नाही.

ती गेल्यावर तिची शिवलीलामृताची पोथी माझ्याकडे आली. अकराव्या अध्यायाशी मनीऑर्डरचं कुपन होतं. मनीऑर्डर आली की पोस्टमन खालची पट्टी फाडून द्यायचा, पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहायला जागा असायची तीच. रक्कम २० रुपये. मजकूर एकच ओळ, ‘मुलांस जपावे’, खाली नाव नाही. शिक्का पुसट होता. खिडकीत धरून, भिंगाखाली, मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. महिना काही केल्या लागत नाही, पण साल ४९ आहे.

मी ते तीन जणांना दाखवलं. तिघांनीही ४९ च वाचलं.

चुलत आजोबांच्या हातची एक जुनी वही घरी आहे. ‘जपावे’ मधला ‘ज’ आणि वहीतला ‘ज’ एकच आहे. ते बोटीत चढलेच नव्हते, की वाचले आणि घरी आले नाहीत, ते आता कळणार नाही. आजीला मात्र माहीत होतं. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती कुंकू लावायची ते पूर्ण जाणून. घरातल्या कुणालाही तिने चाळीस वर्षांत एक शब्द सांगितला नाही. मला तिच्याबद्दल आता वेगळाच आदर वाटतो. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं नाही. ते ८८ वर्षांचे आहेत आणि दरवर्षी त्या अमावस्येला समुद्रावर जाऊन नारळ वाहतात.

गुहागर

आमचा शोध त्र्यंबकेश्वरी सुटला. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे वह्या असतात. आपण मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. आमच्या घराण्याचा लेख निघाला, त्यात पणजोबांनी स्वतःच्या हाताने सगळ्या भावांची आणि मुलांची नावं लिहिलेली. पणजोबांचा फोटो नाही, पण अक्षर पाहिलं. जाताना आडनावाबरोबर मूळ गाव आणि कुळस्वामी नीट विचारून जा. आम्ही व्याडेश्वर सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि दुसरीच वही घेतली, कारण त्याच आडनावाची दोन घराणी होती. आणि तिथल्या लेखात तुमचीही नावं घालून या.

दाभोळ खाडी

आमच्या गावातले निम्मे पुरुष जहाजावर. कुणी आगवाला, कुणी तेलवाला, कुणी सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. प्रत्येकाकडे नोकरीच्या नोंदीचं पुस्तक असायचं, खलाशी त्याला नली म्हणत. माझ्या पणजोबांची नली अम्मीच्या पेटीत होती. तिच्यात फोटो, उंची, अंगावरच्या खुणा, कुठल्या जहाजावर किती महिने काम केलं ते सगळं आणि अंगठ्याचा ठसा. डाव्या भुवईवर जुनी जखम, असं लिहिलेलं आहे. माझ्या मामांना त्याच जागी जन्मखूण आहे, म्हणून अम्मीने ती ओळ मला तीन वेळा वाचायला लावली.

नलीत गाव मात्र आमचं नव्हतं, खाडीपलीकडचं होतं. तिथल्या जमातीच्या दफ्तरात निकाहच्या नोंदी आहेत. जुन्या नोंदी उर्दूत. मौलवीसाहेबांनी अख्खी दुपार माझ्याजवळ बसून वाचून दाखवल्या. पणजोबा लग्नानंतर सासुरवाडीला येऊन राहिले होते, म्हणजे आज ज्याला आम्ही आमचं गाव म्हणतो ते खरं तर पणजीचं गाव.

आंजर्ल्याच्या अनुभवात वंशावळीत पहिल्या पत्नीचं नाव नाही असं लिहिलं आहे. निकाहच्या नोंदीत मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम असतेच, आणि लग्नानंतर नाव बदलत नाही. त्यामुळे आमच्या बायकांचा माग काढणं मला पुरुषांपेक्षा सोपं गेलं.

मंडणगड

वरचे सगळे अनुभव वाचले. आमच्याकडे ट्रंक नाही आणि पत्रंही नाहीत. पत्र लिहायला अक्षर लागतं आणि ते आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत येऊ दिलेलं नव्हतं. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या दफ्तरात कसणाऱ्याचं नाव असलं तर नुसतं पहिलं नाव असतं, बापाचं नाव नाही, आडनाव नाही. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि त्याआधीचा १९४८ चा कुळकायदा यांच्यानंतरच्या फेरफारांत कुठे कुठे आपली माणसं पूर्ण नावानिशी उभी राहतात. तलाठी कार्यालयात तो नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही, पहिल्यांदा हातात धरला तेव्हा मला वाचवेना, डोळे भरून आले.

त्याच्या मागे जायला आमच्या उपयोगी पडले ते वतनाचे कागद. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं, पण हिस्से कुणाकडून कुणाकडे आले याच्या नोंदी राहिल्या. ज्या वतनाने पिढ्यानपिढ्या राबवून घेतलं, त्याच्याच कागदावर पाच पिढ्यांची नावं मिळाली. मी ती उतरवून घेतली आणि मुलीला पाठ करायला दिली.

आजी सांगायची की तिचा चुलता बसऱ्याला गेला. लहानपणी बसरा हे मला मुंबईतलं ठिकाण वाटायचं. ते इराकमधलं, हे नंतर कळलं. पुढे वाचनात आलं की पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडली. कोकणात कितीतरी गावांत भिंतीत बसवलेली पाटी असते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. आकडा असतो, नाव नसतं. आमच्या शेजारच्या गावातली पाटी रंगाखाली गेली होती, आम्ही पाच जणांनी मिळून ती घासून काढली. चुलत्याचं नाव अजून मिळालेलं नाही. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाची यादी शोधतो आहे. साहेबाच्या कारकुनाने आपली नावं कशीही लिहिली आहेत, त्यामुळे एकच नाव सात-आठ प्रकारे टाकून पाहावं लागतं.

एक राहिलं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत भावांची नावं आणि माहेरच्या वाटेवरची गावं क्रमाने यायची. आईने त्या वेळीच लिहून ठेवल्या. तिच्या माहेरचं घर आम्हाला त्या गावांच्या क्रमावरून सापडलं.

वेंगुर्ला

हा अनुभव आमच्या पाहुण्यांचा आहे. मॉरिशसचं एक मराठी कुटुंब आमच्या ओळखीने इथे आलं होतं. त्यांच्याकडे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळालेला उतारा होता: गिरमिट्याचा, म्हणजे करारावर गेलेल्या मजुराचा, क्रमांक, जहाज, बापाचं नाव, जिल्हा रत्नागिरी, गाव आणि फोटो. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत असं लिहिलेलं की त्यावरून कोकणातली तीन गावं निघतील. एक आमच्या तालुक्यातलं, म्हणून ते इथे आले. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा होईपर्यंत आम्हीही रत्नागिरी जिल्ह्यातच होतो, तेव्हा त्यांचा अंदाज काही चुकीचा नव्हता.

देवळात जुन्या गावकरांनी त्यांच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, म्हणजे साकडं घातलं. मग सहज विचारलं, चतुर्थीला तुमच्याकडे काय करतात? त्यातल्या बाईंनी सांगितलं, झाकरी. आणि तिथेच सभामंडपात पायाचा ठेका धरून, कमरेत वाकून, दोन ओळी गाऊन दाखवल्या. गावकर ऐकत राहिले आणि म्हणाले, “ह्यो नाच आमचो नाय. ही जाखडी. तुमी वरच्या अंगाचे.” जाखडी नाचतात ती रत्नागिरीकडे. दीडशे वर्षांत त्या घरातली भाषा निम्मी गेली होती, आडनाव तर कुणा पूर्वजाचं पहिलं नावच होऊन बसलं होतं. पण पाय बरोबर पडत होते. ते दुसऱ्या दिवशी संगमेश्वरकडे गेले. उरलेल्या दोन गावांपैकी एक तिकडचं आहे.

अलिबाग

थोडंसंच लिहितो. ‘कर’ लावलेल्या आडनावावरून गाव शोधताना लक्षात ठेवा, ते आडनाव गाव सोडल्यावर पडतं. गावात असेपर्यंत कुणी कुणाला त्या गावाचं नाव लावत नाही. आमच्या भागातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, त्यांची पेणकर, रोहेकर ही आडनावं अशीच. त्यांचे नातू नवगावच्या जुन्या दफनभूमीत येतात आणि माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतात.

आंजर्ले

मोडीबद्दल दोघांनी विचारलं म्हणून सांगतो. मी साठीनंतर शिकलो, चार महिन्यांत अडखळत वाचता आलं. मोडीत आधी ओळभर रेघ आखून मग अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ एकच. म्हणून पहिल्यांदा ओळखीची नावं शोधा, तिथून पुढे ओळ उलगडते. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहे, तेव्हा जाणकार मिळायला पूर्वीइतका त्रास पडत नाही. कागदावरच्या सालावरून इसवी सन काढायला: शकात ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. जुन्या दफ्तरांत फसली आणि शुहूर अशीही सालं असतात: फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९, आणि ही दोन्ही सालं मृगाला बदलतात हे विसरू नका. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: इहिदे सबैन मया व अलफ, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, ११७१.

आता तांब्याचं. मागच्या महिन्यात तो घेऊन चिपळूणला धाकट्या आत्याकडे गेलो. तिला ९१ वं लागलं आहे. मी काहीच न सांगता तांब्या तिच्या हातात दिला. तिने उपडा केला, अंगठ्याने अक्षरं चाचपली आणि म्हणाली, “अरे, हा नवमीचा तांब्या.”

भाद्रपदातल्या अविधवा नवमीला, सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने, आजी दरवर्षी एका सवाष्णीला जेवायला बोलवायची. आजोबा होते तोवर एक वर्ष चुकलं नाही. आम्ही नातवंडं समजायचो ते पणजीसाठी असेल. आत्या म्हणाली, “नाही रे, ते थोरलीसाठी. आई त्या दिवशी हाच तांब्या घासून पानाशी ठेवायची, आणि त्या बाईला सांगायची, आज आपलं नाव हे.” मग ते तीन अक्षरांचं नाव आत्याने उच्चारलं. मी ते आजवर नुसतं वाचलं होतं.

ते तिचं सासरचं नाव. माहेरचं आत्याला माहीत नाही, माहेर केळशीकडचं एवढंच ती सांगते. केळशी, आडे, उटंबर या बाजूला कुणाच्या घरी जुनी टिपणं, लग्नखर्चाची वही किंवा जन्मपत्रिकांचं बाड असेल, आणि त्यात शके १८३७ मध्ये आंजर्ल्याला दिलेली मुलगी असेल, तर मला जरूर कळवा. वंशावळीत तिची जागा करून ठेवली आहे.