गटात तिसऱ्या आठवड्यात भांडणं: थांबवायची की होऊ द्यायची?

घाटकट्टा: 15 ते 18 वयाची 24 पोरं, आठ आठवड्यांची तयारी, शेवटी विसर्जनाला पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करायचं. दोन आठवडे सगळं गोड. आता शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ वेगवेगळी बसतात, पाच-सहा जण काम ओढतात, बाकीचे मोबाईलमध्ये. शिबिरात सांगितलं होतं की मानसशास्त्रज्ञ टकमनच्या गट जुळण्याच्या टप्प्यांच्या मांडणीप्रमाणे हा वादळाचा टप्पा आहे, आपोआप सरतो. सरतो का?

पेठेतली ताई: आपोआप सरेल असं टकमननं कुठंच म्हटलेलं नाही. 1965 ची ती मांडणी 50 लेखांच्या आढाव्यावर आहे आणि त्यातले बरेच गट उपचाराचे नि प्रशिक्षणाचे होते. टप्पे कसे दिसतात एवढंच ती सांगते.

आधी भांडण कशाचं ते बघा. पोती कुठं ठेवायची, वेळ काय, असलं असेल तर वीस मिनिटं भांडू द्या आणि ठरलेलं फळ्यावर लिहा. तुम्ही मोठ्यांनी लगेच निकाल दिला की पोरं गप्प बसतात, पण रुसवा तसाच राहतो. पेठेच्या अभिमानाचं असेल तर मात्र एकीचं भाषण देऊ नका, नुसती एकत्र मिसळही खायला घालू नका. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफनं 1954 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात 22 मुलांच्या शिबिरात दोन गट पाडून झुंजवले. नंतर त्यांना एकत्र जेवायला बसवलं तर ताटातलं अन्नच एकमेकांवर फेकलं गेलं. वैर उतरलं ते पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडला, अशी दोघांनाही एकट्यानं न झेपणारी कामं पडल्यावर, आणि तेही हळूहळू. म्हणून ट्रॉली भरायला 12 जणांची साखळी लागेल असं काम सरावातच ठेवा.

दोरखंड: ताईंचं पटतंय, पण मोबाईलवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले, त्यात माणसं वाढली तसा एकेकाचा जोर घटला. आठ जणांत तो निम्म्याच्या आसपास. 1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ लतानी आणि सहकाऱ्यांनी तेच टाळ्या नि ओरडण्यावर तपासलं. ताळमेळ चुकण्याचा भाग वेगळा काढला तरी मेहनत कमीच निघाली, कारण कुणाचं किती ते कळत नाही.

24 चा एक गट मोडा, सहा-सहाच्या चार तुकड्या करा. प्रत्येकीत दोघं गोळा करणार, दोघं निवडणार (फुलं-पानं, प्लास्टिक-दोरे, कापड असे तीन ढीग), एक पोतं वाहणार, एक नोंद ठेवणार. दर 45 मिनिटांनी कामं बदला. निवडणाऱ्याचे हात आणि कंबर तेवढ्यात भरून येतात. पोत्याला तुकडीच्या रंगाची फीत बांधा. सगळी पोती सारखी दिसली की नोंद पहिल्या तासातच कोलमडते.

पेठेतली ताई: पोती मोजा, पण बक्षीस लावू नका. पेठेप्रमाणे आकडे तर मुळीच नकोत, तिथं झुंज पुन्हा पेटते.

घाटकट्टा: तुकड्यांत पेठा पूर्ण मिसळू का?

दोरखंड: मिसळा, पण एका पेठेचा एकटा पोरगा कुठल्याही तुकडीत नको, किमान दोघं ठेवा. मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲशच्या प्रयोगांत बहुमताविरुद्ध एक साथीदार मिळाला तरी माणसं स्वतःचं मत सांगू लागली. एकटा पोरगा गप्प बसतो आणि चौथ्या आठवड्यात यायचा बंद होतो.

पंचगंगाकाठ: मुदतीच्या कामात टप्पे ओळीनं येतीलच असं नाही. कॉनी गर्सिक या अभ्यासिकेनं 1988 मध्ये आठ प्रकल्पगट पाहिले, त्यांच्या कामाची रीत साधारण निम्मी मुदत सरल्यावर एकदम बदलली. तुमची निम्मी मुदत चौथ्या आठवड्याअखेर. तेव्हा तासभराची बैठक लावा आणि काय सोडायचं, काय नव्यानं करायचं, एवढंच विचारा. त्या आठवड्यात नवी पोरं घेऊ नका, ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

घाटावर मात्र मतदान नको. पाण्याच्या कडेला एकाच मोठ्या माणसाचा शब्द चालेल, हे सरावातच सांगून ठेवा. पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात.