लीजची गाडी: आरसीवर नाव कुणाचं?

"लीज काय नि कर्ज काय, विम्याला सारखंच" हे अर्धंच खरं आहे. आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) काढून बघा. मालक म्हणून तुमचं नाव आणि सोबत लीजची नोंद असेल, तर पॉलिसी तुमच्या नावावर निघते आणि तिच्यावर आयएमटी-६ या क्रमांकाचं एंडॉर्समेंट, म्हणजे लीजची जोडनोंद, लागतं (कर्जाला आयएमटी-७). टोटल लॉसचे (गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळणारे) पैसे आधी लीज कंपनीकडे जातात. तिचं येणं आयडीव्हीपेक्षा (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीपेक्षा) जास्त निघालं तर फरक तुमच्या खिशातून, आणि सुरुवातीच्या काळात तो बोचतो. लीज संपल्यावर फॉर्म ३५ देऊन आरसीवरची नोंद उतरवा. पॉलिसीवरची आपोआप उतरत नाही, ती वेगळी काढून घ्यावी लागते.

आरसीच लीज कंपनीच्या नावावर असेल तर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमच्या नावे साठत नाही. १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हरही नाही, कारण ते व्यक्तीच्या नावावरच्या गाडीलाच मिळतं. स्वतंत्र अपघात पॉलिसी घ्याच. गंमत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम २(३०) लीजच्या गाडीचा ताबा ज्याच्याकडे, त्यालाच मालक धरतं. म्हणजे थर्ड पार्टीची, गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची, जबाबदारी मात्र तुमच्याकडे येऊ शकते.