मासे हंडीला अंग घासतायत, पण ठिपके नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा (साधारण ५५ लिटर), पाच मॉली, दोन गोल्डफिश, स्पंज फिल्टर, हीटर नाही. रविवारपासून मोठा गोल्डफिश मधेच एका कुशीवर आडवा होतो, पोट चमकतं, आणि सुळकन जाऊन मातीच्या हंडीच्या काठाला अंग घासून परत सरळ, जणू काही झालंच नाही. आधी वाटलं खेळतोय, लेक तर 'बाबा डान्स बघा' म्हणून हसत होती, पण आता मॉल्यापण वाळूत तेच करतायत, काल समोर बसून मोजलं तर दहा मिनिटांत १४ वेळा.

रविवारी पाहुणे यायचे होते म्हणून घाईत अर्धं पाणी बदललं, थेट नळाला पाइप लावून. एरवी बादलीत भरून ठेवतो. पावसाळ्यात आमच्याकडे पाण्याला ब्लीचिंगचा इतका वास येतो की चहापण तसाच लागतो. त्यात स्पंजही नळाखाली पार स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळला. आणि दोन मॉल्या दहा दिवसांपूर्वीच आणल्यात, वेगळ्या न ठेवता तशाच सोडल्या (माहितीये, बोलू नका).

दुकानदाराने व्हिडिओ बघून 'इच आहे' (अंगावर पांढरे ठिपके येणारा परजीवीचा रोग) म्हणत मिथिलीन ब्लू हे निळं औषध दिलं. मी टॉर्च लावून बघितलं, मीठ भुरभुरल्यासारखं कुठेच काही नाही, फक्त गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर बारीक दाणे आहेत. टाकू का औषध?

प्रतिसाद: थांबा, नका टाकू. झाकणावरचे दाणे बहुतेक नर असल्याची खूण, अंगावर आणि शेपटीवर नाहीत ना? ब्लीचिंगचं क्लोरीन चार दिवसांत उडून गेलं असणार, पण नळाखाली स्पंज धुतलात तिथे अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) खाणारे बॅक्टेरिया गेले. आधी अमोनिया मोजा, शून्याच्या वर असेल तर रोज पाव टँक पाणी बदला, अँटीक्लोरीन टाकूनच, आणि खाणं कमी करा. इच सुरुवातीला नुसत्या कल्ल्यांतही असतो, त्यामुळे चार-पाच दिवस रोज टॉर्च मारा. एकच कल्ला हलत असेल तर कल्ल्यातल्या किड्यांचा संशय, त्याचं औषध वेगळं, निळ्याने काम होणार नाही.

धागाकर्ता: अमोनिया मोजायचं किट आणलं, पिवळ्याऐवजी हिरवं आलं, म्हणजे अमोनिया आहे. पाणी बदललं, मॉल्या बऱ्याच शांत झाल्यात. पण छोट्या गोल्डफिशचा डावा कल्ला मिटलेलाच दिसतोय, आता हे काय?