चिपळूणची जुनी बाजारपेठ: पेव्हर ब्लॉक टाकून गिऱ्हाईक परत येणार आहे का?

वाशिष्ठीकाठचा
नमस्कार मंडळी. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं, आता गल्ल्यावर मी. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या रोज एकच विषय, पेठेचं सुशोभीकरण. पेव्हर ब्लॉक टाका, सगळ्यांचे बोर्ड एकसारखे करा, जुन्या टाइपचे दिवे लावा, फेरीवाले उचला, संध्याकाळी गाड्या बंद करा, आणि मग कोणीतरी दिल्लीच्या चांदणी चौकाचे फोटो टाकतो की बघा. पण गिऱ्हाईक हायवेकडे, बहादूरशेख नाक्याच्या बाजूला सरकलं ते दिवे नव्हते म्हणून नाही ना, तिथे गाडी लावता येते म्हणून. आणि दुसरं म्हणजे वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी. बाबांनी भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारून ठेवल्यात, एक २६ जुलै २००५ आणि तिच्यावर २२ जुलै २०२१. वरची रेघ पोटमाळ्याच्या फळीला टेकते. नवीन गिऱ्हाईक साडी बघता बघता ती रेघ बघतं आणि विचारतं, इथपर्यंत? तर ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, अशा पेठेत पैसे घालायचे तर नक्की कशात घालायचे?

नकाशेवाला
प्लॅनिंगमध्ये काम करतो म्हणून आधी कोरडं बोलतो. नकाशावर नदीच्या दोन पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत नवीन बांधकाम बंद. जुनी अधिकृत इमारत पाडून बांधायची तर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे प्लिंथ, म्हणजे जोतं, लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर पाहिजे आणि वर पाटबंधारे खात्याची एनओसी. कागदावर एकदम बरोबर आहे. आता तुमच्या पेठेत हे लावून बघा, दुकान जाणार एक मजला वर, खाली नुसते खांब आणि पार्किंग. रुमाल आणि परकराचं कापड घ्यायला कोण जिना चढणार हो? रस्त्याच्या लेव्हलचा ओटा गेला की पेठ संपली. म्हणून माझं मत, पाडापाडीच्या नादाला लागू नका, आहे ते दुरुस्त करा. विजेचे मीटर आणि बोर्ड वर घ्या, प्लायचं फर्निचर काढून लोखंडी रॅक लावा, भिंतींना वरपर्यंत टाइल्स, म्हणजे गाळ पाइपने धुता येतो, आणि माल वर खेचायला छताला कप्पी. फोटोत काही दिसणार नाही यातलं.

रामआळीकर
दुरुस्त करणार कोण ते पण सांगा की. रत्नागिरीत आमच्याकडे तीच रड. मालक म्हणतो एवढ्या भाड्यात घरपट्टी पण सुटत नाही, भाडेकरू म्हणतो पागडी (जागा घेताना मालकाला दिलेली एकरकमी रक्कम) दिलीय, आता वर कौलांना मी कशाला पैसे घालू. १९९९ च्या भाडे कायद्याने पागडीला मान्यता दिली पण वाशाला वाळवी लागली की दोघं एकमेकांकडे बघतात. दुकानं चालू, वरचा मजला बंद, तिथे पारवे. धंदा सगळा जुन्या पेठेबाहेर, मारुती मंदिर, साळवी स्टॉपकडे.
आणि फेरीवाल्यांना उचलायचं म्हणताय ते जरा जपून. २०१४ चा कायदा आहे, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के माणसं त्यांचीच असावी लागतात. शिवाय खरं सांगा, सकाळी पेठेत पाऊल कोणामुळे पडतं? भाजीवाली आणि मच्छीवालीमुळेच ना.

देवगडी_हापूस
चांदणी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद असतात, खाली मेट्रो आहे म्हणून ते चालतं. आपल्याकडे गाडी बंद म्हणजे गुहागरवरून आलेला माणूस पण बंद.
(मालवणात उलटा असा, पर्यटक इतके येतत की आमका बाजारात चालाक वाट नाय 😄)

माडीवरची
मी लग्नाआधी याच पेठेत दुकानाच्या वर राहिलेय म्हणून लिहिते. तुम्ही सगळे खालच्या गाळ्याचं बोलताय. २०२१ ला पाणी रात्री चढायला लागलं, दुकानं कुलूपबंद, मालक गावाबाहेर उंचावरच्या फ्लॅटमध्ये, थोड्या वेळाने लाइट गेली, फोन लागेना. आमच्या आईबाबांनी मात्र वर राहात असल्यामुळे पहिलं पाणी गटारातून वर आलं तेव्हाच पाहिलं आणि शेजारच्या काकांसोबत हातोहात साखरेची आणि डाळीची पोती जिन्याने वर घेतली, सगळी नाही पण अर्ध्याच्या वर वाचली, वह्या तर सगळ्याच. समोरच्या दुकानात तिसऱ्या दिवशी शटर कापलं तेव्हा तांदूळ फुगून पोती फाटलेली, तो वास अजून नाकात आहे. आधी पेठ राहती होती म्हणून पूर सोसायची. संध्याकाळी पण तसंच, वर माणसं असली की खाली दूधवाला, इस्त्रीवाला, वडापावची गाडी नऊ-साडेनऊपर्यंत चालते. आता आठला सामसूम.

नकाशेवाला
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पहिला खर्च दिव्यांवर नको, वरच्या मजल्यांवर करा. वेगळा जिना (दुकानातून जाणारा नको, तोच बंद पडतो), संडास, पाणी, पक्कं छप्पर, आणि भाड्याचा नीट लेखी करार. नर्स, बँकवाले, शिक्षक, बदलीवर आलेली माणसं भाड्याने घरं शोधतच असतात.

रामआळीकर
आणि पागडीचं भांडण? ते काय कप्पीने वर खेचणार?

नकाशेवाला
नाही सुटणार सगळं. जिथे मालक आणि दुकानदार एकच आहे तिथून सुरुवात करायची, दुसरं काय.

वाशिष्ठीकाठचा
माडीवरची ताई, तुमचा वाडा कुठला ते बहुतेक ओळखलं मी 🙏 आमचा गाळा पण आमचाच आहे आणि वर दोन खोल्या आहेत, त्यात लग्नसराईचे खोके आणि मोडक्या खुर्च्या. आज दुकान बंद करून रस्त्यावर उभा राहिलो आणि वर बघत मोजलं. आमच्या रांगेत चौदा दुकानं, वर उजेड दोनच खिडक्यांत. त्यातली एक ट्यूब आमचीच, दुपारी खोका काढायला गेलो तेव्हा बंद करायची राहिली होती.